झाडाखाली काय पडलंय

चांदोलीहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : काय काय दिसलं? बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं : काही नाही हो. मणदूरकडून गाडी आत जाते, जनीचा आंबा, लपनगृह, झोळंबीचा सडा ही ठिकाणं होतात, वाटेत एखादा रानकोंबडा आडवा जातो, लांब पाण्याकाठी काळे ठिपके दिसतात. ते गवे आहेत असं वाटाड्या सांगतो म्हणून ते गवे. दुपार कलली की मंडळी परत बत्तीस शिराळ्याच्या रस्त्याला. ताडोब्यात पैसे वसूल झाले होते, इथं नाही झाले, असा एकूण सूर.

त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ताडोब्याचं रान पानगळीचं. उन्हाळ्यात झाडं उघडी पडतात आणि नजर लांबवर जाते. सह्याद्रीच्या माथ्यावरचं हे रान बारमाही हिरवं. अंजनी, जांभूळ, पिसा यांची डोक्यावर गच्च छपरं, खाली पुरुषभर उंचीची कारवी. दहा हातांवर गवा उभा असला तरी दिसायचा नाही. त्याचा फुत्कार मात्र ऐकू येतो, आणि गोठ्याच्या दारात यावा तसा उबट वासही येतो. हजार किलोच्या घरातलं जनावर इतक्या जवळ असून दिसत नाही, यात इथल्या रानाचा सगळा स्वभाव आला.

मला हे रान बघायला शिकवलं ते एका वनमजुरानं. वय साठीच्या पुढं, डोक्याला मळका टॉवेल, हातात कोयता. सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही म्हणते. मी दुर्बीण गळ्यात अडकवून मान वर करून चालले होते. ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, जनावर हुडकायचं आसंल तर आधी झाड हुडका. कुठलं झाड फुललंय, कुठलं पिकलंय, ते बगा. मग त्येच्या बुडाला बगा काय पडलंय. जनावर कुटं जातंय?"

तेव्हापासून मी चांदोलीत खाली बघून चालते.

हे उद्यान वारणेच्या खोऱ्यात आहे. १९८५ मध्ये इथं अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ३१७ चौरस किलोमीटरच्या आसपास. उत्तरेकडच्या कोयना अभयारण्याशी जोडून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तयार झाला आणि दोन वर्षांनी पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास, कोयना आणि राधानगरीबरोबर चांदोलीचंही नाव लागलं. पश्चिमेला कडा सरळ कोकणात कोसळतो, त्या टोकावर प्रचितगड आणि त्याच्या पायथ्याशी शृंगारपूर. पूर्वेला वसंतसागर, म्हणजे चांदोली धरणाचं पाणी. या दोहोंच्या मधल्या डोंगरांना पंचांग आहे, पण ते पाडव्याला सुरू होत नाही. माझ्या हिशेबानं ते सावरीच्या पहिल्या फुलाबरोबर सुरू होतं.

माघ सरता सरता काटेसावरीचं झाड पूर्ण निष्पर्ण होतं आणि त्याच्या काटेरी फांद्यांवर लालभडक, मांसल, मुठीएवढी फुलं बसतात. वर मैना, बुलबुल, कोतवाल यांचा कल्ला. फुलात गोडसर रस साचलेला असतो, तो प्यायला सगळे येतात आणि भांडताना निम्मी फुलं खाली पाडतात. त्या पडलेल्या फुलांवर भेकराची नजर असते. सकाळी लवकर गेलं तर झाडाखाली फुलं कमी आणि खुरांचे ठसे जास्त असतात. सावरीच्या माथ्यावर पाखरांची जत्रा चालू असेल, तर बुडाशी भेकर येऊन गेलेलं असतं किंवा यायचं असतं. मामांच्या शास्त्रातला हा पहिला धडा.

दुसरा कुंभ्याचा. कुंभा हे तसं दुर्लक्षित झाड. लाकूडफाट्यापलीकडं त्याला कुणी विचारत नाही. चैत्राच्या तोंडावर त्याचीही पानं गळतात आणि संध्याकाळी कळ्या उमलतात. चार पांढरट पाकळ्या, आणि मधून पुंकेसरांचा भलामोठा झुबका, बुडाशी गुलाबी आणि टोकाकडं पांढरा होत गेलेला. वास आंबूस, माणसाला न आवडणारा, पण तो माणसासाठी नसतोच. रात्री वटवाघळं येतात, पतंग येतात आणि पहाटेपर्यंत फुलाचं काम आटोपतं. उजाडलं की अख्खा झुबका पाकळ्यांसकट सुटून खाली येतो. एकदा सकाळी मी एका कुंभ्याखाली वाकून बघत होते. ताजी फुलं गोल पसरलेली, पुंकेसर अजून ओले, आणि त्या गोलाच्या एका कडेची फुलं साफ गायब. तिथला पाचोळा उलथलेला, मातीत दोन दोन नखांचे खोल ठसे. सांबर. फुलं खात खात ते कुठून कुठं सरकलं, कुठं थांबलं, कुठं दचकून वळलं, सगळं मातीत होतं. जनावर स्वतः समोर उभं असतं तर मला त्याची शिंगं दिसली असती, हे दिसलं नसतं.

याच दिवसांत कुसुमाला पालवी फुटते आणि ती इतकी लाल असते की लांबून बघणाऱ्याला झाड फुलल्यासारखं वाटतं. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी लाल रंगद्रव्य येतं. कडक उन्हापासून आणि पानं कुरतडणाऱ्या किड्यांपासून ते पानाला सांभाळतं. दोन-तीन आठवड्यांत लाली ओसरते, मग नुसती पोपटी छटा, आणि पुढं इतर झाडांत कुसुम कुठला ते ओळखू येत नाही.

अंजनीचं मात्र पान कधी गळत नाही आणि एरवी तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. खुरटं, वाकडं, लोखंडासारख्या कठीण लाकडाचं झाड. पण उन्हाळा लागला की तिच्या जून फांद्यांना, पानांच्या बेचक्यांत, निळ्या रंगाचे गुच्छ चिकटतात. हा निळा जांभळ्याकडं झुकणारा आणि सावलीतही विझत नाही असा. एकेक फूल मोहरीच्या दाण्याहून थोडं मोठं. जवळ जाऊन कान दिला तर झाड गुणगुणत असतं, इतक्या मधमाश्या. दोन-चार दिवसांत पाकळ्या गळतात आणि वाट निळी होते. मामा त्या निळ्या वाटेवरून सरळ चालत जातात. मला मात्र तिथं पाय टाकताना अजूनही बाजूबाजूनं चालावंसं वाटतं, आणि मामा त्यावर हसतात.

फाल्गुन-चैत्रात उंबराखाली उभं राहावं. पश्चिम घाटातल्या रानाला उन्हाळ्यात जगवतात ती उंबर, पायर, नांदुर्की ही मंडळी. त्यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. उंबराचं फळ म्हणजे बाहेरून आत उलटलेला फुलोरा. त्याच्या पोटातल्या बारीक फुलांना परागकण नेऊन देणारी केंबरं नखाएवढीही नसतात आणि दोन-चार दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. बाहेर पडलेल्या केंबराला लगेच दुसरं कोवळं उंबर सापडलं पाहिजे, नाहीतर वंश बुडाला. म्हणून जंगलातली सगळी उंबरं एकाच वेळी पिकून चालत नाही. वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फळावर असावंच लागतं. केंबरांची ही सोय, आणि तिच्यावर पोसतात धनेश, हरियाल, तांबट, वानर, शेकरू, अस्वल, उदमांजर. बाकी झाडांनी हात आखडला की सगळे उंबराच्या दारी.

मलबारी राखी धनेशाचा नर तर या दिवसांत नुसता हमाल झालेला असतो. मादी झाडाच्या ढोलीत शिरून स्वतःला आतून कोंडून घेते. ढोलीचं तोंड विष्ठेनं लिंपते आणि चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं झडतात, म्हणजे तिला बाहेर पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही. अंडी, पिल्लं, मादी, सगळ्यांचं पोट एका नरावर. तो गळ्यात फळं साठवून आणतो, ढोलीशी लटकतो आणि एकेक फळ चोचीत वर काढून आत देतो. मी मोजायचा प्रयत्न करत होते, पण मामांनी खूण करून खाली दाखवलं. ढोलीच्या बुडाशी बियांचा थर होता. पायरीच्या बारीक बिया, जांभळ्या साली, आणि मधूनच लालसर कवचाच्या बिया, ज्या कुठल्या झाडाच्या म्हणून मामांनी थुंकी लावून चोळून बघितल्या. "जायफळाच्या जातीतली," ते म्हणाले, "खाली कोकणाच्या अंगाला झाडं हायत." म्हणजे तो पक्षी कडा उतरून जाऊन येत होता. इतकी माहिती दुर्बिणीतून मिळाली नसती.

मग वैशाख. ओढे आटतात, धरणाचं पाणी उतरतं आणि काठाला रुंद गाळपेराचा पट्टा उघडा पडतो. त्यावर कोवळं गवत येतं आणि संध्याकाळी गवे उतरतात. पर्यटकांना लांबून दिसणारे काळे ठिपके ते हेच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रभरच्या जंगलांत पाणवठ्यांवर मचाणं बांधून जनावरं मोजतात. मीही बसले आहे. चांदणं भरपूर असतं, झोप त्याहून भरपूर. गवे आले, सांबर आलं, एक साळिंदर आलं, आणि पहाटे डासांशिवाय कुणी नाही. नोंदवहीत चार ओळी. खरं तर त्या रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवशीची दुपार मोलाची होती. त्या दुपारी मामा मला त्यांच्या गावात घेऊन गेले.

गाव म्हणजे जागा. माणसं उठून कित्येक वर्षं झाली. गोठणे, रुंदीव, चांदेल, निवळे, झोळंबी अशी गावं या डोंगरांत होती. धरण आलं, अभयारण्य आलं, आणि एकेक गाव खाली सपाटीवर वसवलं गेलं. मामा तेव्हा तरुण होते. आता सकाळी ज्या जंगलात मजुरीला येतात, त्यात त्यांचं घर होतं. एका चढावर थांबून त्यांनी कोयत्यानं रानमोडी बाजूला सारली, आणि खाली दगडी जोतं दिसलं. बाजूला तुळशीवृंदावनाचा चौथरा, त्याच्या भेगेतून उगवलेला पिंपळ. भिंती नव्हत्याच, कारवीच्या कुडाला शेण-मातीनं लिंपलेल्या भिंती दोन-चार पावसाळ्यांत मातीला मिळाल्या. डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांची भातखाचरं मात्र तशीच, बांध शाबूत, आणि त्यांत आता गवत. सगळं रान बंदिस्त असताना या मोकळ्या तुकड्यांवर गव्यांची शेणं पडलेली, एका जुन्या शेणाखाली शेणकिड्यांनी पाडलेली भोकं. जंगल म्हणजे माणसाचा हात न लागलेली जागा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. इथं गवे चरतात ते माणसानं खणलेल्या खाचरांत.

आणि आंबे. जोत्याभोवती पाच-सहा जुनी रायवळ झाडं, फळांनी लगडलेली. मामांना प्रत्येकाचं नाव पाठ : हा खोबऱ्या, हा गोटी, तो शेप्या, त्याच्या फळाला शेपूचा वास येतो. शेप्याखाली अस्वलानं धुमाकूळ घातलेला होता. बुंध्यावर चढतानाचे नख्यांचे लांब ओरखडे, त्यांतून अजून चीक पाझरत होता. खाली मोडलेल्या डहाळ्या, चोखलेल्या कोयी, आणि थोडं पुढं वाटेवरच ऐसपैस विष्ठा. मामा काडीनं ती उसकटत बसले. आंब्याचे धागे, करवंदाच्या बिया, उंबराचा चोथा, मुंग्यांची डोकी. "परवाच्याला करवंदाच्या जाळीत व्हतं, मग उंबराला, काल रातच्याला हितं," त्यांनी अस्वलाचा तीन दिवसांचा प्रवास वाचून दाखवला. आणि मग जरा थांबून, "आमच्या आईनं लावल्याली झाडं. आता ह्यो खातोय. खाऊ दे. आमच्या पोरास्नी इकडं यायची वाट बी म्हाईत न्हाय."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. शहरातून येऊन रानाचं कौतुक करणाऱ्या माझ्यासारखीला हे आंबे फुकट मिळालेले असतात. चांदोलीच्या उन्हाळ्यातलं अस्वल ज्या ताटावर जेवतं, त्यातला चांगला वाटा उठून गेलेल्या माणसांनी वाढलेला आहे. उद्यानाच्या माहितीफलकावर झाडांची आणि प्राण्यांची नावं असतात. हा वाटा कुठं लिहिलेला मी पाहिला नाही.

रोहिणी नक्षत्र निघालं की रान अस्वस्थ होतं. दुपारी ढग चढतात, वारा पडतो. संध्याकाळी काजवे पेटतात. एका झाडावर शेकडो, आणि सगळे एका तालात. नवरंग आलेला असतो, दिसत नाही, पण झुडपातून त्याची दोन सुरांची शीळ चालू असते; घरटं करायला तो पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत येतो आणि पाऊस सरला की दक्षिणेला निघून जातो. वळवाच्या पहिल्या सरीनंतर पाचोळा हलतो आणि त्यातून बेडूक निघतात, खेकडे निघतात. एखाद्या दगडाखाली देवगांडूळ सापडतं. दिसायला गांडुळासारखं, जात मात्र बेडकाची, बिनपायाचं. मृगाचा पाऊस बसला की उद्यानाचं फाटक बंद होतं. जून ते ऑक्टोबर आत कुणी जायचं नाही. फार चांगला नियम आहे. त्या चार महिन्यांत आत जळवा आणि पाऊस यांचं राज्य असतं. वारणेच्या उगमाकडचं पाथरपुंज हे गाव पावसासाठी प्रसिद्ध. एका हंगामात सात हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस तिथं मोजला गेला आहे. तिथून पूर्वेला शिराळ्याकडं उतरत गेलं की काही कोसांत पाऊस इतका घटतो की माणसं विहिरीच्या पाण्याचं बोलायला लागतात.

पावसाळ्यात मी कडेकडेनं हिंडते. हद्दीबाहेरच्या ओढ्यावर भल्या पहाटे शीळकरी कस्तूर गातो. पाण्याचा एवढा धबडगा, पण त्यावरून त्याची शीळ स्वच्छ ऐकू येते. चाल ठरावीक नाही, कुणीतरी आपल्याच तंद्रीत शीळ घालत ओढ्याकाठानं चाललंय आणि मधेच ओळ विसरतंय असं वाटतं. पक्षी काळपट निळा, खांद्यावर तेजस्वी निळा डाग. त्या आवाजासाठी भिजायला माझी हरकत नसते.

श्रावण उलटला की सडे बघावेत. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा सपाट पाट. उन्हाळ्यात त्यावर अंडं भाजेल; पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी. माती बोटभर, कुठं कुठं तेवढीही नाही, आणि तीही पावसानं धुऊन सत्त्व काढलेली. झाड तिथं रुजत नाही. म्हणूनच तिथं फुलं येतात. भाद्रपदात गेंदाची पांढरी बटणं, तेरड्याचा गुलाबी, उतरणीला सोनकीचा पिवळा, कवल्याची मिकी माऊससारखी फुलं. पण माझी बैठक ठरलेली : सीतेच्या आसवांपाशी. काडीएवढ्या दांड्यावर निळं-जांभळं, ओठ पुढं काढल्यासारखं चिमुकलं फूल, मध्ये पांढरा डाग. असंख्य असतात, वारा आला की अख्खा सडा एका दिशेला कलतो. फुलाचा फोटो काढून लोक निघून जातात. मी एकदा ओल्या दगडावर पालथी पडून, भिंगातून त्याच्या बुडाशी बघितलं.

मुळं नव्हतीच. या झाडाला खरी मुळं नसतात. चिखलात केसासारखे तंतू पसरलेले, आणि त्यांना टाचणीच्या डोक्याहून लहान, पारदर्शक पिशव्या. झाड या पिशवीतलं पाणी बाहेर उपसून टाकतं, त्यामुळं तिच्या भिंती आत ओढल्या जातात. तोंडाला झडप, झडपेवर केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला धडकला की झडप उघडते आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आत तो पाण्याबरोबर आत ओढला जातो. झडप बंद. पुढं त्याचं पचन, आणि अर्ध्या तासात पिशवी पुन्हा दबा धरून तयार. दगडावर नत्र नाही, मग ते किड्याच्या अंगातून वसूल करायचं. वर फुलावर मधमाश्यांना आमंत्रण, खाली चिखलात सापळे. शेजारचा दवबिंदू याहून उघडउघड दरोडेखोर : पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मी बघत होते तेव्हा एक चिलट नुकतंच चिकटलं होतं आणि तीन पायांनी सुटायची धडपड करत होतं. मी ते सोडवलं नाही. कुणाच्या जेवणात हात घालू नये.

सड्यांवर हल्ली गर्दी होते. सडावाघापूरला उलटा धबधबा बघायला माणसं जातात. कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर फेकतो, दृश्य खरंच बघण्यासारखं आहे. पण माणूस गाडीतून उतरून फुलांत लोळून फोटो काढतो, तेव्हा त्याच्या पाठीखाली किती पिशव्या फुटतात ते त्याला कळत नाही. कुंपण घालावं का, यावर मत देणं मी टाळते. कुंपणाआड फुलं वाढली, की गुरं आणि गवे न चरल्यामुळं गवतानं ती दाबली, हा वाद अजून रंगलेला आहे आणि दोन्हीकडचे लोक जाणकार आहेत.

कारवीचं घड्याळ याहून वेगळं. उतारच्या उतार तिनं व्यापलेले. गवे तिचा पाला खातात, माणसं काठ्या नेत. सात वर्षं ती नुसती हिरवी वाढते आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी अख्खा डोंगर जांभळा करून टाकते. उतारावरचं क्वचितच एखादं झुडूप मागं राहतं. मधमाश्यांना सुगी, मध दाट आणि काळपट. त्यानंतर कारवी मरते. वाळल्या झुडपांवर बोंडं तशीच लटकत राहतात आणि पुढच्या पावसाचा ओलावा लागला की तडकून बिया उडवतात. एकाच वेळी इतक्या बिया पडतात की रानकोंबड्यांनी, किड्यामुंग्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्ल्या तरी उरतात. मामांना आपलं वय सांगायचं झालं तर ते कारव्या मोजतात. "लगीन झालं तवा कारवी फुलल्याली," असं.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थंडीत रान आपलं आपलं असतं. ओढ्यावर करडा धोबी शेपूट हलवत असतो, तो हिमालयाकडून पावसाच्या शेवटीच आलेला. वनखात्याची माणसं जाळरेषा काढतात, गवताच्या पट्ट्यांत घुसलेली रानमोडी उपटतात. पण आवळ्याखाली मात्र जरूर थांबावं. आवळे पिकून पडतात आणि भेकर ते अख्खे गिळतं. मग आडोशाला जाऊन बसतं, रवंथ करतं आणि रवंथ करताना कठीण बिया एकेक करून थुंकून टाकतं. आवळ्याच्या झाडापासून बऱ्याच अंतरावर, कारवीच्या आडोशाला, मला अशी एक जागा सापडली. गवत अंगाच्या आकाराएवढं दबलेलं, आणि एका बाजूला, जिथं तोंड असणार तिथं, धुतल्यासारख्या स्वच्छ आवळ्याच्या बिया. हात लावला तर गवत अजून कोमट होतं. पलीकडून कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं. भेकरच ते, मला शिव्या देत होतं.

आता इथं वाघांचं बोलणं सुरू आहे. व्याघ्र प्रकल्प होऊन कित्येक वर्षं वाघाचा पत्ता नव्हता. वाटेवाटेवर वाघजाईची ठाणी मात्र शेंदूर लावून बसलेली होती. २०२३ च्या डिसेंबरात कॅमेऱ्यात एक वाघ आला. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक तरुण वाघीण चांदोलीत आणली गेली. आता पर्यटक वाढतील, पैसे वसूल व्हायची आशा वाढेल. मला आनंद आहेच. पण वाघ सांबरावर जगतो, सांबर गवतावर आणि कुंभ्याच्या फुलांवर, आणि गवत खाचरांवर. ती खाचरं झुडपांनी भरली तर वाघही थांबायचा नाही. म्हणून रानमोडी उपटायला मामा दर हिवाळ्यात येतात, रोजंदारीवर, त्यांच्याच बापजाद्यांच्या शेतात.

गेल्या माघात त्यांच्याबरोबर जाळरेषेनं चालले होते. बरोबर आणखी एक वनमजूर होता, मामांच्या शेजारच्या गावचा. साफ केलेल्या पट्ट्याच्या ऐन मधोमध, गुडघ्याएवढं आंब्याचं रोप आलेलं. आसपास कुठं आंब्याचं झाड नाही, गाव नाही. मामांनी एक पान खुडलं, चुरगाळलं, नाकाशी धरलं.

"शेप्या," ते म्हणाले. "आमचा."

"शेप्या कसला," दुसरा म्हणाला, "आमच्या वाडीतला बिटका आसंल. वानरानं कोय आणली."

"वानर एवढ्या लांब कोय आणतंय? अस्वलानं आणली. वास बग की."

त्यानं वास घेतला, पान परत दिलं, कबूल काही केलं नाही. जाळरेषेत उगवलेलं रोप म्हणजे ते काढायला हवं, नियम तसा आहे. दोघांच्याही हातात कोयते होते. रोप कुणाच्या गावचं हा निकाल लागेपर्यंत त्याला कुणीच हात लावेना, आणि निकाल लागायचं काही लक्षण नव्हतं. मी पुढच्या वळणावर पोचले तरी मागून वाद ऐकू येत होता, आता वानराच्या गालात कोय मावते की नाही इथपर्यंत आला होता.